मेघकुमाराची पहिली रात्र



मेघकुमाराची कथा आपण प्रवचनांत अनेकदा ऐकलेली असते आणि ऐकून घरी येताना लक्षात राहतो तो हत्ती. वणव्याच्या वेळी पायाखाली आलेल्या सशाला इजा होऊ नये म्हणून अडीच दिवस एक पाय उचलून उभा राहिलेला तो हत्ती पाठशाळेतील मुलांनाही माहीत असतो. ही हकीकत भगवान महावीरांनी मेघमुनींना कोणत्या प्रसंगी सांगितली, हे मात्र आपण सहसा विसरतो. मीही विसरलो होतो.

ज्ञाताधर्मकथा या आगमाच्या पहिल्या अध्ययनात तो प्रसंग सविस्तर आला आहे. मेघकुमार हा राजगृहाचा राजा श्रेणिक आणि राणी धारिणी यांचा पुत्र. आठ राजकन्यांशी विवाह झालेला, वैभवात वाढलेला. भगवंतांची देशना ऐकून त्याला वैराग्य आले आणि मातापित्यांची परोपरीने समजूत घालून त्याने दीक्षा घेतली. पहिल्याच रात्री दीक्षापर्यायाच्या क्रमाने मुनींची आसने अंथरली गेली आणि सर्वांत नवे म्हणून मेघमुनींची जागा दाराशी आली. रात्रभर साधूंची ये-जा चालू होती. कोणी स्वाध्यायासाठी, कोणी देहधर्मासाठी. कोणाचा पाय लागे, कोणाच्या पायाची धूळ अंगावर पडे. मेघमुनींचा डोळ्याला डोळा लागला नाही. उजाडता उजाडता त्यांनी मनाशी ठरवून टाकले की सकाळी भगवंतांना विचारून घरी परत जायचे.

ज्याने राज्यसुखाकडे पाठ फिरवताना मागे वळून पाहिले नाही, त्याचा निश्चय एका रात्रीच्या जागरणाने डळमळला. आगमकारांनी ही गोष्ट झाकून ठेवलेली नाही. तरीही चाळीस वर्षे ही कथा ऐकत असताना त्या रात्रीकडे माझे लक्ष गेले नव्हते. ते गेले मागच्या कार्तिक महिन्यात, आमच्याच स्वयंपाकघरात.

आमच्या घरी आम्ही उभयता, चिरंजीव, सूनबाई, अडीच वर्षांचा नातू आणि श्रावणात जन्मलेली नात अशी सहा माणसे. चिरंजीव आणि माझे पुतणे मिळून पाइप व हार्डवेअरचे दुकान चालवतात. सूनबाई बी. कॉम. आहेत, दुकानाचे जीएसटीचे काम घरी बसून त्याच पाहतात. हे सारे मी त्यांच्या संमतीनेच लिहीत आहे.

मी सूर्योदयाला सामायिकास बसत असे. सामायिक ४८ मिनिटांचे आणि नवकारसीही सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी, त्यामुळे सामायिक पूर्ण होण्याची आणि नवकारसी येण्याची वेळ एकच पडे. मी आसनावरून उठून मुहपत्ती घडी करून ठेवीपर्यंत चहा, दूध, खाकरा टेबलावर मांडलेले असत. ही व्यवस्था इतकी चोख होती की ती कोणीतरी करीत असते, याचाच मला विसर पडला होता.

त्या दिवशी सौभाग्यवती स्थानकात प्रार्थनेला गेल्या होत्या. मालाचा ट्रक लवकर आल्यामुळे चिरंजीव गोदामावर गेले होते. मी सामायिकात होतो. वाळूच्या घडीतील निम्मी वाळूही खाली उतरली नव्हती, तोच आतून नातवाचे रडणे ऐकू आले, मग नातीचे, आणि पाठोपाठ दूध उतू जाऊन करपल्याचा वास आला. घेतलेले व्रत मध्येच मोडता येत नाही, म्हणून मी बसून राहिलो. पुढची तीस मिनिटे माझे शरीर आसनावर होते आणि मन स्वयंपाकघरात. सामायिकाचे जे ३२ दोष सांगितले आहेत त्यांतील मनाच्या दहा दोषांपैकी त्या अर्ध्या तासात माझ्याकडून किती झाले असतील, हे मोजण्याच्या भानगडीत मी पडत नाही. सामायिकही झाले नाही आणि मदतही झाली नाही, एवढे खरे.

सामायिक पूर्ण करून आत गेलो. गॅस बंद होता. सूनबाई ओट्याला पाठ टेकून फरशीवर बसल्या होत्या. मांडीवर नात, खांद्याला लोंबकळलेला नातू. रात्री चार वेळा उठणे झाले होते, हे मला नंतर समजले. माझ्याकडे पाहून त्या उठू लागल्या, पण उठवेना. मग म्हणाल्या, “पप्पाजी, मी दहा मिनिटं झोपू का?”

माझी छत्तीस वर्षांची नोकरी रजेचे अर्ज मंजूर-नामंजूर करण्यात गेली. असा अर्ज माझ्यापुढे कधी आला नव्हता.

त्या जवळजवळ दोन तास झोपल्या. त्या दोन तासांत आम्हा दोघा म्हाताऱ्यांची जी तारांबळ उडाली तिचे वर्णन करीत नाही. रात्री प्रतिक्रमणानंतर मी एक कागद घेतला. आपल्या शास्त्रात अहोरात्राचे ३० मुहूर्त मानले आहेत आणि एक मुहूर्त ४८ मिनिटांचा, म्हणजे एका सामायिकाएवढा. दोन मुलांची जबाबदारी त्या दिवसाच्या ३० मुहूर्तांत कोणाकडे किती होती, याचा मी ताळेबंद मांडला. सूनबाई २३. सौभाग्यवती ५. चिरंजीव १. मी १, आणि तोही त्या दोन तासांच्या गोंधळातला. बेरीज जुळली. आयुष्यभर बेरीज जुळली की मला बरे वाटत आले आहे; त्या रात्री वाटले नाही.

इथे काही वाचक, विशेषतः वाचकांपैकी सासूबाई, म्हणतील की आम्ही नाही का मुले वाढवली? वाढवली, हे खरेच. पण ज्या वाड्यात वाढवली तेथे किती हात होते तेही मोजावे. आमच्या लहानपणी घरात आजी, दोन काकू, लग्न न झालेली आत्या आणि दुकानातून दिवसातून तीनदा घरात डोकावणारे आजोबा होते. रडणारे मूल एका हातातून दुसऱ्या हातात जाई आणि कोणाचा हात भरून येण्याआधी तिसरा हात पुढे होई. आता घरे सदनिकांत आली, आत्या पुण्याहून व्हिडिओ कॉलवर बोलतात, आणि हात तेवढे दोनच उरले आहेत.

ज्ञाताधर्मकथेच्या त्याच अध्ययनात, मेघकुमाराच्या बालपणाच्या वर्णनात, त्याला वाढवणाऱ्या पाच धात्रींचा उल्लेख येतो. एक दूध पाजणारी, एक स्नान घालणारी, एक नटवणारी-सजवणारी, एक खेळवणारी आणि एक मांडीवर घेणारी. राजघराण्याची ही ऐपत आपल्याकडे नाही, हे उघड आहे. परंतु एका मुलाच्या संगोपनात पाच वेगवेगळी कामे आहेत आणि प्रत्येक काम एकेका माणसाचे आहे, हे त्या काळच्या लोकांना कळत होते. आमच्या घरी पाचही धात्री एकाच व्यक्तीत होत्या आणि महिन्याच्या ११ तारखेला तीच व्यक्ती दुकानाचे विवरणपत्र भरत होती.

जाता जाता कायद्याचीही एक गोष्ट सांगतो. २०१७ च्या दुरुस्तीने नोकरदार मातेची पगारी प्रसूती रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. आमच्या बँकेतील मुलींना तिचा लाभ मिळताना मी पाहिला आहे. दुकानाचे हिशेब सांभाळणाऱ्या आमच्या सुनांना मात्र हा कायदा लागू होत नाही, कारण त्यांच्या नावाने हजेरीपटच नसतो. त्यांची रजा मंजूर करणारे अधिकारी घरातच बसलेले असतात आणि सकाळी चहाची वाट पाहत असतात.

चातुर्मास संपण्याआधी मी स्थानकात विराजमान साध्वीजींपुढे हा प्रसंग मांडला. मला वाटले होते, व्रत न मोडल्याबद्दल त्या दोन शब्द बरे बोलतील. त्यांनी शांतपणे एवढेच विचारले की सामायिकाला ४८ मिनिटांचे बंधन आहे, पण ते याच ४८ मिनिटांत करायचे असे बंधन तुम्हाला कोणी घातले होते? माझ्याकडे उत्तर नव्हते. खरे उत्तर चहा हे होते.

तेव्हापासून माझे सामायिक पहाटे साडेपाचला होते. वयामुळे झोप तशीही तेव्हा उडालेलीच असते. आणि सूर्योदयापासून नवकारसीपर्यंतची ४८ मिनिटे नातू माझ्या ताब्यात असतो. त्या वेळात सूनबाई नातीसह झोपतात. चहा सौभाग्यवती करतात. आठवड्यातून दोन दिवस चिरंजीव करतात आणि तो तितकासा चांगला होत नाही.

सुरुवात मी फार वाईट केली. ‘मुलावर लक्ष ठेवणे’ म्हणजे वर्तमानपत्र वाचता वाचता अधूनमधून मान वर करणे, अशी माझी समजूत होती. चौथ्या दिवशी मान वर केली तर चिरंजीवांच्या चिरंजीवांनी एक रुपयाचे नाणे गालात धरले होते. बोट घालून ते काढले तेव्हा माझे हात कापत होते. ज्या माणसाने लाखोंची रोकड डोळ्यांत तेल घालून मोजली, त्याच्या नजरेसमोरून एक रुपया मुलाच्या तोंडात गेला. त्या दिवसापासून वर्तमानपत्र व मोबाइल दोन्ही त्या वेळात कपाटात असतात.

बँकेत रोखपालाच्या पिंजऱ्यात कोणी बोलायला जात नसे. मोजणी मध्येच तुटली तर ती पुढे चालू करता येत नाही, पुन्हा पहिल्या नोटेपासून सुरुवात करावी लागते. अर्धवट लक्ष देऊन केलेल्या कामाला वेळ कमी लागत नाही, उलट दुप्पट लागतो, आणि संध्याकाळी माणूस मोजणीने नव्हे तर त्या तुटण्याने थकलेला असतो. मुलाजवळ बसतानाही मला हाच अनुभव आला. एक डोळा मोबाइलवर, एक कान दारावर, मनात दुकानातील उधारीची यादी आणि समोर मूल, अशा स्थितीत दहा मिनिटांत डोके भणभणते. उलट फक्त मुलाजवळ असले की शरीर दमते, पण चिडचिड होत नाही. तो जिन्याची पायरी चढतो, उतरतो, पुन्हा चढतो. मी पायरीशेजारी बसतो. माझे त्या वेळी दुसरे काही काम नसते.

एके दिवशी तो गच्चीवर उकिडवा बसून मुंग्यांची रांग पाहू लागला. पुढे जायला तयार होईना, पाऊल टाकायलाही तयार होईना, कारण पावलाखाली मुंगी येईल. ईर्यासमितीवरची प्रवचने मी पुष्कळ ऐकली आहेत. खाली पाहून चालण्याचा सराव मात्र या वयात त्याच्याबरोबर सुरू झाला. दशवैकालिक सूत्राच्या चौथ्या अध्ययनात शिष्य विचारतो की कसे चालावे, कसे बसावे, कसे बोलावे म्हणजे पापकर्माचा बंध होणार नाही. आणि उत्तर मिळते ते यतनेचे. तो उपदेश मुनिजीवनासाठी आहे. पण दुधाचा पेला दोन हातांनी धरून न सांडता जमिनीवर ठेवण्याचा जो अभ्यास अडीच वर्षांचे मूल करीत असते, त्याच्याजवळ घाईने बसून चालत नाही एवढे मला कळले.

आता एक शंका. हे सारे धर्माच्या खात्यात जमा करायचे का? मी करीत नाही. माझ्या सामायिकांच्या वहीत नातवाच्या मुहूर्ताची नोंद मी कधी केलेली नाही. नातवावरचे प्रेम हा राग आहे, मोह आहे, आणि त्याला वैयावृत्त्याचे नाव देऊन आभ्यंतर तपात बसवणे म्हणजे खोटी नोंद होय. तथापि एक गोष्ट मला पटली आहे. जागरणाने आणि श्रमाने पिचलेल्या माणसाच्या मनात क्रोध फार लवकर पेटतो. मुलावर ओरडणे, त्याला ओढणे, मग पश्चात्ताप, मग त्या पश्चात्तापाचीच धुसफूस, हे आर्तध्यान घरोघरी चाललेले असते आणि आपण ते स्वभावाच्या नावावर खपवतो. त्यातील पुष्कळसा भाग स्वभावाचा नसतो. न मिळालेल्या झोपेचा असतो. मेघमुनींच्या त्या रात्रीचे वर्णन वाचताना हे ध्यानी येते. भगवंतांनी त्यांना रागावून घालवले नाही. पूर्वभवाची आठवण दिली. ज्याने हत्तीच्या जन्मात एवढे सोसले, त्याचा निश्चय मुळात कच्चा नाही, हे त्यांना दाखवून दिले.

त्या हत्तीची गोष्टही पुन्हा वाचावी अशी आहे. तीन भाग मला आठवत होते: वणवा, ससा, उचललेला पाय. चौथा भाग असा की वणवा शमल्यावर प्राणी निघून गेले, ससा निघून गेला आणि हत्तीने पाय खाली ठेवायला घेतला, तेव्हा तो आखडला होता. हत्ती कोसळला आणि पुन्हा उठला नाही. तीन दिवस वेदना भोगून त्याने देह सोडला. अडीच दिवस म्हणजे ६० तास, म्हणजे ७५ मुहूर्त. त्याच्या करुणेला तोड नाही आणि तिचे फळ त्याला मनुष्यजन्माच्या रूपाने मिळालेही. पण रानात त्याचा पाय धरायला दुसरे कोणी नव्हते. आमच्या घरी तिघे जण मोकळ्या पायांनी आजूबाजूला उभे होतो.

तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात ध्यानाची व्याख्या आहे. चित्त एका विषयावर स्थिर राहण्याची मर्यादा तेथे अंतर्मुहूर्त सांगितली आहे, आणि तीही उत्तम संहनन असलेल्याची, म्हणजे ज्याच्या देहाची घडण सर्वोत्तम आहे त्याची. एवढी परम कोटीची एकाग्रतासुद्धा जेथे ४८ मिनिटांच्या आत मोजली आहे, तेथे प्रसूतीनंतरच्या चौथ्या महिन्यात, तुटक झोपेवर, एका स्त्रीने सकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत प्रसन्नचित्ताने मुलांत असावे ही अपेक्षा आपण कोणत्या शास्त्राच्या आधारे करतो? शास्त्रात मुहूर्त संपला की माणूस उठतो. घरात उठता यावे यासाठी पुढचा माणूस येऊन बसावा लागतो.

येऊन बसणे म्हणजे नुसते आसपास असणे नव्हे. लग्नाच्या मांडवात दोनशे नातलग असतात आणि मूल नेमके तेथेच हरवते, कारण प्रत्येकाला वाटते दुसऱ्याचे लक्ष आहे. बँकेत तिजोरीची किल्ली एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्याकडे जाताना नोंदवहीत दोघांच्या सह्या होतात. सहीपूर्वी जबाबदारी याची, सहीनंतर त्याची. मधला क्षण नसतोच. आम्ही घरात सह्या करीत नाही, पण तीन वाक्ये बोलतो. काय खाल्ले, शी झाली की नाही, कुठे लागले-खुपले. ती ऐकून घेणाऱ्याने “बरं” म्हटले की मूल त्याचे, आणि देणाऱ्याने त्या वेळात दारातून डोकावून सूचना करायच्या नाहीत. हा शेवटचा नियम पाळणे आमच्या सौभाग्यवतींना फार जड गेले. मलाही जड जाते; सूनबाई त्याला अंघोळ घालत असतात तेव्हा पाणी गरम आहे का असे विचारण्याचा मोह मला अजून होतो.

बँकांत आणखी एक शिस्त आहे. जोखमीच्या जागेवरील कर्मचाऱ्याला वर्षातून एकदा सलग दहा कामाचे दिवस सक्तीच्या रजेवर पाठवतात. हेतू अर्थातच गैरव्यवहार उघडकीस यावेत हा आहे. परंतु मी असे पाहिले की रजेवरून परतलेला प्रामाणिक माणूस मोजणीत चुकेनासा होई. आणि जो वर्षानुवर्षे “माझ्याशिवाय होणार नाही” म्हणून रजा नाकारत असे, त्याच्या टेबलावरच कागद कुजत पडलेले सापडत. आया असे म्हणू लागल्या की आपण त्यांचे कौतुक करतो. कौतुकाऐवजी त्यांना सक्तीने झोपायला पाठवावे.

तपश्चर्येविषयी दोन शब्द लिहिणे मला आवश्यक वाटते. पर्युषणात अंगावर पिणारे मूल असलेल्या सुनेलाही “एवढे एक आयंबिल तरी कर” असा आग्रह होतो. कधी कधी आग्रह नसतो, नुसते पाहणे असते. आपल्या प्रत्याख्यानांत आगार सांगितले आहेत, म्हणजे ज्या परिस्थितीत नियमाचा भंग मानला जात नाही त्या सवलती. साध्या नवकारसीला दोन आगार आहेत, पोरसीला सहा. देहाची समाधी टिकावी म्हणून औषध घेण्याची मुभाही त्यांत आहे. कायोत्सर्गाला उभे राहतानासुद्धा आपण शिंक, खोकला, जांभई यांची सूट आधीच मागून घेतो. ज्या आचार्यांनी जांभईचा विचार केला, त्यांनी दर दोन-तीन तासांनी दूध पाजणाऱ्या मातेचा केला नसेल असे मला वाटत नाही. शंका असेल तर गुरुभगवंतांना विचारावे. शेजारणीला विचारू नये.

आणि एक गोष्ट धर्माची नसून वैद्यकाची आहे, पण ती येथे न सांगणे गैर होईल. बाळंतपणानंतर पहिले काही दिवस मन हळवे होणे, उगाच रडू येणे हे पुष्कळ स्त्रियांना होते व दोन आठवड्यांच्या आत ओसरते. त्यानंतरही उदासी राहिली, झोपायला सवड मिळूनही झोप येईना, बाळाविषयी काही वाटेनासे झाले, तर तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. स्वतःला किंवा बाळाला काही करून घ्यावे असे विचार मनात आले तर एक दिवसही थांबू नये; तिला एकटी न सोडता डॉक्टरांकडे न्यावे. अशा वेळी कर्माचा उदय, नजर, माहेरच्यांनी केलेले लाड यांची चर्चा करीत बसू नये. वैयावृत्त्याचे जे दहा पात्र तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहेत त्यांत ग्लान, म्हणजे आजारी, याला स्वतंत्र स्थान आहे. ते साधूंविषयी आहे, मान्य. पण आजाऱ्याची आधी सेवा करायची, हा क्रम श्रावकालाही लागू पडायला हरकत नसावी.

दुकानदार बांधवांनी रागावू नये. चिरंजीवांशी माझे बोलणे झाले तेव्हा त्यांचे उत्तर ठरलेले होते: “पप्पा, सीझन आहे.” दिवाळीनंतर लग्नसराई, लग्नसराईनंतर मार्चअखेर, मग पावसाळ्याआधीची पाइपांची मागणी. सीझन नसलेला महिना मी त्यांना दाखवायला सांगितला, तो त्यांना दाखवता आला नाही. रात्री दुकान वाढवून साडेनऊला घरी येणाऱ्या बापाला मूल झोपलेलेच दिसते. अखेर पुतण्यांशी ठरवून दोघांनी आळीपाळीने आठवड्यातून दोन दिवस संध्याकाळी साडेपाचला घरी यायचे असे सुरू केले. हिवाळ्यात चौविहाराआधी स्वयंपाक, जेवणे, मुलांचे भरवणे हे सारे एका तासात कोंबले जाते. घरातील सर्वांत वाईट घटका तीच. गल्ल्यावर त्या वेळेला नोकर बसू शकतो. विक्री थोडी घटली असे चिरंजीव म्हणतात. आकडे मी मागितले आहेत.

माझा ताळेबंद मी अजूनही महिन्यातून एकदा मांडतो. सूनबाईंच्या नावावर सध्या १९ मुहूर्त आहेत. हा आकडा समाधानकारक नाही.

वाळूच्या घडीचे सांगायचे राहिले. सामायिकाची घडी नातवाच्या मुहूर्तासाठी वापरणे मला प्रशस्त वाटेना, म्हणून मी दुसरी आणली. ती त्याला इतकी आवडली की वाळू संपत आली की तो ती उलटी करतो आणि माझा मुहूर्त कधीच पुरा होत नाही. परवा सूनबाई वेळेआधी उठून दारात येऊन उभ्या राहिल्या. मी काही न बोलता घडीकडे बोट दाखवले. वरच्या भांड्यात वाळू पुष्कळ होती. त्या परत जाऊन झोपल्या.

या लेखाचा कच्चा मसुदा मी सौभाग्यवतींना वाचायला दिला. १९९० साली मी मराठवाड्यातील एका तालुक्याच्या शाखेत होतो. थोरला, म्हणजे हेच चिरंजीव, दोन वर्षांचे होते आणि धाकटी तीन महिन्यांची. धाकटीच्या जन्माच्या वेळी मी चार दिवसांची नैमित्तिक रजा घेतली होती आणि त्याचा मला अभिमान होता. मसुदा वाचून त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या की त्या वर्षी एका दुपारी, तीन रात्रींच्या जागरणानंतर, त्यांनी थोरल्याला इतके मारले होते की त्याच्या गालावर बोटे उठली होती. “तुम्ही संध्याकाळी आलात तेव्हा मी तो पडला असं सांगितलं. दर संवत्सरीला त्याला मिच्छामि दुक्कडम् म्हणते तेव्हा मनात तीच दुपार असते. त्याला ठाऊक नाही.”

हे लिहू का, असे मी त्यांना विचारले. त्या हो म्हणाल्या. अंक घरी आला की चिरंजीव आधी शेवटचे पान उघडतात, पण हे सदर वाचतात.